पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा तू खळ्यात येऊन उभी राहिलीस आणि ‘तात्या, मी चुकले का?’ एवढंच विचारलंस. मी नीट बोललो नाही. मागोमाग तुझा बाबा आला, त्याच्यासमोर विषय काढावा की नाही ते मला कळेना, आणि तू चहा न घेताच गेलीस. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

चुकली नाहीस. मार्चमध्ये झालेला वाडीचा रस्ता जुलैत हाताने उचलता येतो, हे तू मोबाइलवर दाखवलंस. डांबराचा पापुद्रा घावनासारखा तुझ्या बोटांत लोंबत होता, आणि खाली खडीचा पत्ता नाही, नुसती तांबडी माती. हजारो लोकांनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाबाला फोन आला आणि तू ते काढून टाकलंस. बाबाचा टेम्पो त्याच ठेकेदाराच्या कामावर आहे, टेम्पोचे हप्ते चालू आहेत. मी त्याला दोष देणार नाही, तूही देऊ नकोस.

पण मला एक सांग. ज्या कार्यालयाने तो रस्ता केला, तिथल्या आवक नोंदवहीत या रस्त्याबद्दल एक ओळ तरी पडली का? नाही पडली. म्हणजे सरकारच्या लेखी तो रस्ता आजही चांगला आहे. तू पाच दिवस घालवलेस, चित्रण केलंस, आवाज भरलास, शिव्या खाल्ल्यास, आणि वीस मिनिटं बसून एक अर्ज लिहिला नाहीस. याचा मला राग आला होता, आणि परवा मी गप्प राहिलो त्याचं हेही एक कारण होतं.

राग तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. ती गोष्ट तुला कुणी सांगितली असेल-नसेल, मी सांगतो.

1997 साली आपल्या पऱ्ह्यावर लाकडी साकव होता. चैत्रापासून सगळ्यांना दिसत होतं की खालचे दोन वासे कुजलेत. पाय ठेवला की भुसा पडायचा. मी सरपंचांना बाजारात सांगितलं. पालखी घरी आली तेव्हा पुढाऱ्यांना सांगितलं. कार्यालयातले साहेब आगोटीच्या आधी गावात आले होते, माझ्या पडवीत बसून त्यांनी कोकम सरबत घेतलं, आणि ‘पावसाच्या आत करून टाकू’ म्हणाले. मला बरं वाटलं. आपण काम केलं असं वाटलं. आषाढात एका रात्री साकव वाहून गेला. त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बांधून वरच्या वाडीकडून फेर घेतला. एरवी दहा मिनिटांची वाट, दोन तास लागले. सड्यावरच ते गेले. मी त्यांचा हात धरून होतो, पावसाने भिजून तो आधीच गार झाला होता, त्यामुळे नेमके केव्हा गेले ते मला कळलंही नाही.

बारावं झाल्यावर मी त्या कार्यालयात गेलो, भांडायलाच गेलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे आवक नोंदवही काढली, जानेवारीपासून पानापानावर बोट फिरवलं आणि वही माझ्याकडे वळवली. ‘तुमच्या गावाची साकवाबद्दल तक्रारच नाही.’ तो खोटं बोलत नव्हता. बाय, मी तेव्हा 18 वर्षं गावचं टपाल सांभाळत होतो. सही घेतल्याशिवाय मी कुणाच्या हातात रजिस्टर पत्र दिलं नाही. म्हातारीच्या मनीऑर्डरवर अंगठा घेताना साक्षीदार उभा करायचो. आणि माझ्या बापाच्या वाटेवरच्या साकवासाठी मी एका माणसाची सही घेतली नव्हती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगतो, लोक कंटाळले तरी सांगतो: लेखी दे, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर बस. ‘शिक्का कपाटात आहे’ म्हणाले तरी बस.

आपल्या कोकणात गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गावकार देवापुढे उभा राहून सगळं बोलतो, आपण दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतो आणि हलक्या मनाने घरी जातो. देवाकडे ते चालतं, देव ऐकतो अशी माझी श्रद्धा आहे. सरकारकडेही आपण तसंच करत आलो. आमदार सत्यनारायणाला आला की गाऱ्हाणं, मंत्री गणपतीला आला की गाऱ्हाणं, मुंबईचा चाकरमानी आला की नाक्यावर बसून रात्री बारापर्यंत गाऱ्हाणं. सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी कुणाकडे काही नसतं.

तू मागे म्हणालीस की मत देऊन उपयोग नाही, दिलं एकाला आणि गेलं दुसऱ्याला. 2022 आणि 2023 मध्ये या राज्यात पक्षच्या पक्ष फुटले, आपण ज्या चिन्हावर बोट ठेवलं होतं ते कुणाचं यावर आयोगात आणि न्यायालयात वाद चालले. पक्षांतराविरुद्धचा कायदा 1985 पासून आहे, पण कोण अपात्र ते विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. तुझा संताप खरा आहे, माझाही तोच आहे. वर 2022 च्या मार्चपासून जिल्हा परिषदेवर प्रशासक बसले आणि जवळजवळ चार वर्षं आपल्या गटाला विचारायला सदस्यच नव्हता. पण म्हणून पुढच्या वेळी नोटा दाबणार हे मला पटत नाही. विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, हे तुला माहीत आहे ना? आमदार इकडून तिकडे गेला, रस्त्याची फाईल कुठे गेली नाही. ती त्याच कपाटात, त्याच फडक्यात बांधलेली आहे. ती उघडायला तुला मुंबईला जावं लागत नाही, तालुक्याची एस.टी. पुरते.

आणि ‘तेव्हाची माणसंच वेगळी’ हे वाक्य माझ्या वयाच्या कुणाकडून ऐकलंस तर सोडून दे. मी लहान असताना वडिलांबरोबर बॅरिस्टर नाथ पैंच्या सभेला गेलो आहे. मधू दंडवते राजापूर मतदारसंघातून 1971 पासून पाच वेळा निवडून गेले. त्या माणसांचा आम्हाला अभिमान आहे, पण त्या अभिमानावर आम्ही पुढची पंचवीस-तीस वर्षं बसून काढली. ते संसदेत प्रश्न विचारत होते, आम्ही ग्रामसभेतसुद्धा विचारत नव्हतो.

मुंबई-गोवा महामार्गाचं बघ. रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं तेव्हा तू पहिलीत होतीस. दर गणपतीला नवी तारीख ऐकत मोठी झालीस. आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं घेऊन वाहून गेला, तेव्हा त्याच रस्त्यावर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे येतं, करता येतं. महामार्गाच्या त्या तारखांचा कुणी तरी हिशेब मागितला असेल तर तो चिपळूणच्या एका वकिलाने, उच्च न्यायालयात जनहित याचिका करून. तिथे सरकारला तारीख प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागली. तारीख मोडली ती मोडलीच, पण कुणी कधी दिली होती ते आता पुसता येत नाही.

आता तुझा रस्ता. वाडीच्या तोंडावर निळा फलक आहे. शेवटची ओळ वाच: दोष दायित्व कालावधी 5 वर्षे. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचा असतो. तू रीलमध्ये सगळं दाखवलंस, तो फलक दाखवला नाहीस.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. कायदा 2005 चा आहे, साध्या कागदावर चालतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून गोष्ट सांगत बसू नकोस, सरकार कसं वाईट आहे ते लिहू नकोस. ‘रस्ता का उखडला’ असंही विचारू नकोस, ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येईल आणि एक महिना जाईल. कागद माग. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, आणि मोजमाप पुस्तिका, जिला तिथे सगळे एमबी म्हणतात. एमबी सोडू नकोस. खडीचा थर किती, डांबराचा किती, गटार किती मीटर, सगळं तिच्यात चढवलेलं असतं आणि त्यावरच बिल निघतं. 2014 साली मी खालच्या रस्त्याची एमबी काढली, टेप घेऊन दोन पोरांबरोबर फिरलो. पुस्तिकेत दोन मोऱ्या, जमिनीवर एक. मी काही बोललो नाही. ती पानं आणि दोन ओळींचं पत्र जोडून दिलं, पोच घेतली. शिमग्याच्या आत दुसरी मोरी बांधून झाली. आजही ती आहे, तू तिच्यावर बसून करवंदं खाल्ली आहेस.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट. तिथेही नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील, माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. लागू दे.

ग्रामसभेलाही जायचं. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं लागतात, जी संख्या कमी असेल ती. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग आठ-दहा माणसं गावाचं ठरवतात. कोऱ्या पानावर घरोघर सह्या घेत फिरतात, मी 20 वर्षांत कोऱ्या पानावर सही केलेली नाही. तुझा ठराव प्रोसिडिंगमध्ये उतरला हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.

तू हुशार आहेस, तू म्हणशील, तात्या, तिवऱ्याच्या धरणाचं काय? तिथे तर गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधी केली होती, तरी 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. कागदाने धरण अडत नाही. ती बातमी ऐकली तेव्हा मी दोन दिवस माझ्या फायली ठेवलेल्या ट्रंकेकडे बघू शकलो नाही. पण तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं, ते राज्यात कुणाच्या गळी उतरलं नाही, कारण गळतीची तक्रार आधीच गेलेली होती. ती नसती तर खेकडेच राहिले असते. माझ्या वडिलांच्या वेळी माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

मला गावात काय म्हणतात ते तुझ्या कानावर असेल. अर्जवाला, विघ्नसंतोषी, विकासात खोडा घालणारा. लहानपणचा एक मित्र माझ्याशी बोलत नाही, त्याच्या भावाचं बिल माझ्या अर्जामुळे अडकलं होतं. माझा मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही निवडणुकीला का उभे राहिला नाहीत? नुसते अर्ज.’ टपालाच्या नोकरीत असताना उभं राहता येत नव्हतं, हे खरं. निवृत्त झाल्यावर येत होतं, तेही खरं. मी नाही उभा राहिलो. उभा राहिलो असतो तर पहिल्याच वर्षी मला कुणाच्या तरी अर्जाला उत्तर देणं टाळावं लागलं असतं असं मला वाटतं. कदाचित ही माझी सबब असेल. पण 29 वर्षं मी दर कागदाची पोच घेतली आहे, ती ट्रंक माझ्याकडे आहे, आणि तिच्यातला एकही कागद लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. जो लिहिला नाही त्याचा आहे.

भीतीबद्दल. भीती खोटी नाही. 2010 मध्ये तळेगावच्या सतीश शेट्टींचा खून झाला, ते माहिती अधिकाराखाली जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. म्हणून तुझ्या बाबाचा टेम्पो चालू असेपर्यंत अर्जावर तुझं नाव नको, माझं घाल. माझ्याकडे हप्ते नाहीत. पण अर्ज तू लिहायचा, दीडशे शब्दांत तू बसवायचा, आणि कार्यालयात माझ्याबरोबर तू यायचं, नोंदवहीत क्रमांक पडताना तू बघायचं. मी 68 वर्षांचा झालो, मला ही ट्रंक कुणाच्या तरी हवाली करायची आहे.

मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊ. कोर्ट फीची तिकिटं माझ्याकडे आहेत, पाकिटात दोन घातली आहेत, एक खराब झालं तर असू दे. कच्चा मजकूर रविवारी संध्याकाळी घेऊन ये, आणि फलकाचा फोटो काढून आण, आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. बाबाला लपवून येऊ नकोस. त्याला सांग तात्याने बोलावलंय. चिडला तर त्यालाच माझ्याकडे पाठव. 1997 ला खुर्चीचा पुढचा उजवा पाय त्याने धरला होता, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. मी त्याच्याशी बोलेन.

तुझा,
तात्या