‘अन्न असुरक्षितता’ म्हणजे उपासमारच ना?

प्रश्न असा आलाय की सरकारी रिपोर्टात ‘हाउसहोल्ड फूड इनसिक्युरिटी’ असतं (म्हणजे पैशांअभावी घरात पुरेसं खायला मिळेल याची खात्री नसणं) त्याला ‘घरगुती अन्न असुरक्षितता’ म्हणायचं का, आणि एवढं लांबलचक कशाला, सरळ ‘उपासमार’ का नाही.

आधी ते ‘घरगुती’ काढा बुवा. घरगुती म्हणजे घरी केलेलं नाहीतर घरात वापरायचं. इथे मोजतात ते कुटुंब, म्हणून ‘कुटुंबाची’.

आता उपासमार. ती शेवटची पायरी झाली, ही संज्ञा तिच्या बरीच आधी सुरू होते. अमेरिकेचं कृषी खातं १९९५ पासून जो सर्व्हे वापरत होतं (२०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं) त्यात मुलं असलेल्या घराला १८ प्रश्न, नसलेल्याला १०, आणि सुरुवातीलाच काय विचारायचे, तर गेल्या १२ महिन्यांत हातात पैसे यायच्या आत घरातलं खाणं संपेल अशी काळजी वाटली का. म्हणजे पहिला प्रश्न पोटाचा नाहीच, काळजीचा आहे! मग पुढे नीट चौरस जेवण परवडलं नाही, मोठ्यांनी स्वतःचं कमी केलं, असं करत करत मुलं दिवसभर उपाशी राहिली का इथपर्यंत जायचे. आणि प्रत्येक ठिकाणी ‘पैसे नव्हते म्हणून’ ही अट, त्यामुळे डाएटवाले आणि उपासवाले आपोआप बाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ८ प्रश्नही असेच काळजीपासून सुरू होतात.

गंमत म्हणजे २००६ मध्ये अमेरिकेने आपल्या वर्गवारीतून ‘भूक’ हा शब्दच काढला आणि तिथे ‘अति कमी अन्नसुरक्षा’ आणलं. कारण दिलं की भूक एकेका माणसाला लागते आणि सर्व्हे तर कुटुंबाचा. तर्क पटतो मला, पण शब्द असला गुळगुळीत की वाचून कुणाच्या पोटात काही कालवत नाही, तेव्हाही टीका झालीच होती.

मराठीत आणखी एक घोळ आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा भेसळ, स्वच्छता यांचा आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा स्वस्त धान्याच्या हक्काचा, इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन वेगळे शब्द आणि आपल्याकडे दोन्हीकडे ‘सुरक्षा’च. त्यामुळे ‘अन्न असुरक्षितता’ वाचून निम्म्या लोकांना वाटतं की खाणं खराब निघालं. आणि हे नुसतं शब्दाचं नाही, उपासमार म्हटलं की उपाय ताटापाशी थांबतो, जेवण द्या नाहीतर धान्य द्या, पण मूळ गोष्ट पैसे पुरत नाहीत ही असेल तर मजुरी, पेन्शन, घरभाडं हेही त्याच चर्चेत यायला पाहिजे.

खरं तर आपल्याकडे नेमका शब्द आहे की, ‘भ्रांत’. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत. काळजी पण आली, बेभरवसा पण आला. फक्त ‘मध्यम भ्रांत’, ‘तीव्र भ्रांत’ असं तक्त्यात कोण घालणार, तिथे हसूच येईल. म्हणून मी रिपोर्टात ‘कुटुंबाला अन्नाची शाश्वती नसणे’ लिहीन, लेखात ‘भ्रांत’. आणि प्रश्नावलीत यातलं काहीच नको, तिथे ‘खायचं संपेल अशी काळजी वाटली का’ असंच बोलीत विचारायचं, कारण दारात आलेल्या माणसाने ‘तुमच्याकडे अन्न असुरक्षितता आहे का’ विचारलं तर समोरचा काय सांगणार, कुलूप लावतो म्हणेल.