थायरॉइडची गोळी सुरू होऊन दीड महिना झाला, तरी केस का गळतायत?

गोळी लागू पडत नाही असं इतक्यात ठरवू नका. मीही हायपोथायरॉइडची, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करण्याची पेशंट. टीएसएच (थायरॉइडचं काम कळायला रक्तात तपासतात तो हार्मोन) नॉर्मलला आला तरी कंगव्यात तेवढाच पुंजका यायचा, तेव्हा मीही अशीच वैतागले होते.

केसांचा हिशेब उशिरा लागतो. एका वेळी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात आणि एकेक केस काही वर्षं वाढत राहतो. मग वाढ थांबते, तो दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि नंतर गळतो. मुळाशी नवीन केस घडवणाऱ्या पेशी फार भराभर विभागतात. टी३, टी४ हे थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की त्यांचं काम मंदावतं आणि खूपसे केस वेळेआधीच बसून राहतात. म्हणजे आज बाथरूमच्या जाळीत अडकलेला केस गोळी सुरू व्हायच्या आधीच वाढायचा थांबला होता.

गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. तो बघून 'मूळच निघालं' म्हणून मी घाबरले होते. पण मूळ कातडीतच असतं, तिथून नवा केस येतो. मला पाचव्या महिन्यात कपाळाजवळ बोटाच्या पेराएवढे उभे केस दिसले. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, तीही हळूहळू भरली.

गोळीचा डोस मात्र मनाने वाढवू नका. हार्मोन जास्त झाले तरी केस गळतात, शिवाय छातीत धडधड सुरू होते ती वेगळीच.

एक चूक मी केली, ती सांगते. कुणीतरी सांगितलं म्हणून बायोटिन (केसांसाठी घेतात ते ब गटातलं जीवनसत्त्व) सुरू केलं आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच एकदम खाली, म्हणजे जणू गोळीचा डोस जास्त होतोय! काही लॅबच्या तपासणीत बायोटिनमुळे आकडे खोटे येतात. डॉक्टरांनी ते बंद करायला लावून काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा खरा आकडा कळला. नाहीतर डोस उगाच कमी झाला असता.

फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, लोह कमी असलं तरी केस असेच गळतात. लोहाची गोळी लागलीच, तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी.

केस सगळीकडून न गळता नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली असेल, तर ती चाई. थायरॉइडवाल्यांमध्ये ती जरा जास्त दिसते. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठा.