पाच पानं अलीकडे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. ‘बहुश्रुत’ व्हायचं म्हणून केलेल्या शंभराच्या यादीतली ४१ पुस्तकं झाली, त्यातल्या निम्म्यांतलं काहीच आठवत नाही आणि चारचौघांत कुणी नवं नाव घेतलं की पोटात गोळा येतो, असं लिहिलंयस. विसरण्याचं सोड, सगळेच विसरतात. माझा राग आहे तो तुझ्या यादीवर. तुझ्या मताविरुद्ध बोलणारं एकही पुस्तक तिच्यात नाही!

‘बहुश्रुत’ या शब्दात वाचणं नाहीच, ‘श्रुत’ आहे. ज्यानं पुष्कळांचं ऐकून घेतलं, तो. ऐकून घेतलं, आणि तेही शेवटपर्यंत.

मी ते केलं नाही. पंचविशीत वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायचे, अनुक्रमांक घालून. तेव्हा अर्थशास्त्राच्या एका पुस्तकात नवव्या पानावर पेन्सिलीनं ‘साफ चूक!’ असं लिहिलं आणि पुस्तक मिटलं. वीस वर्षांनी कपाट आवरताना ते हाती लागलं. माझ्या आक्षेपाचं उत्तर चौदाव्या पानावर होतं. पाच पानं! तेवढी न वाचता मी वीस वर्षं त्याच मुद्द्यावर तावातावानं भांडले. एका जिवलग मैत्रिणीशी बोलणं तुटलं ते अजून जुळलेलं नाही.

जीवजाती कशा बदलतात या कोड्यात गुंतलेल्या डार्विननं ऑक्टोबर १८३८मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध निव्वळ करमणूक म्हणून वाचायला घेतला आणि त्यात त्याला नैसर्गिक निवडीचा धागा मिळाला. हे सगळेच सांगतात. मला त्याची दुसरी सवय मोलाची वाटते. आपल्या मताला छेद देणारं काही दिसलं की तो ते लगेच टिपून ठेवायचा. सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी डोक्यातून आधी निसटतात, हे त्यानं अनुभवलं होतं. तुझ्या वहीत हे लिही. कुणी, कुठे, कशावरून तुला अडवलं ते. आकडे नकोत.

हल्ली माझी वर्षाला दहा-बारा पुस्तकं होतात. वाचन कमी झालं, असं लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. एकेकाचं पूर्ण ऐकून घ्यायला वेळ लागतो, आणि तो मी देणारच.

ज्या लेखकाचं नाव काढताना तुझ्या पत्रातलं अक्षरसुद्धा बिघडलंय, त्याचंच पुस्तक आता घे. ऐकून घे रे त्याचं. शेवटचं पान येईपर्यंत समासात एक अक्षरही लिहू नकोस. संपलं की ये, मग बोलू.

तुझी,
ताई