ईआरपी४४ वर आम्लतेचा परिणाम: सीडी सारखीच आली तर बिघडले कुठे?

बडोद्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ईआरपी४४ (इतर प्रथिनांच्या जुळणीवर नजर ठेवणारे चॅपरोन प्रथिन) ई. कोलाय जीवाणूत बनवले, पीएच ७.४ आणि ६.५ ला फार-यूव्ही सीडी (प्रथिनातल्या हेलिक्स-शीटचे प्रमाण दाखवणारे प्रकाशमापन) घेतली, दोन्ही आलेख एकावर एक बसले. मग आम्लतेने या चॅपरोनची रचना बदलते म्हणतात, ती दिसायची कशात?

काही बिघडलेले नाही. हे प्रथिन आम्लात उलगडत नाही. थायोरिडॉक्सिनसारखी तिन्ही डोमेन (ए, बी, बी′) जागच्या जागी राहतात. हलते ते सी-टोकाचे शेपूट. उदासीन पीएचला ते ए डोमेनमधल्या सिस्टीन २९ वर आणि शेजारच्या पाणी टाळणाऱ्या भागावर झाकण घालून बसते. गॉल्जीच्या (प्रथिने पुढे पाठवणारा पेशीतला टप्पा) सौम्य आम्लात ते सरकते आणि दोन गोष्टी एकदम उघड्या पडतात: क्लायंटशी (ज्या प्रथिनावर नजर ठेवायची त्याच्याशी) डायसल्फाइड, म्हणजे दोन सिस्टीनमधला बंध, जोडणारे हे सिस्टीन आणि अगदी टोकाचा आरडीईएल संकेत. केडीईएल रिसेप्टर हा संकेत आम्लात धरतो आणि ईआरच्या (प्रथिने जिथे घडतात ते पेशीतले जाळे) उदासीन पीएचला सोडतो. म्हणून जुळणी अर्धवट राहिलेले आयजीएम (प्रतिपिंड) किंवा ॲडिपोनेक्टिन (चरबीपेशींचे हार्मोन) गॉल्जीत पकडून माघारी आणता येते. हे चक्र २०१३ मध्ये मांडले गेले. हेलिक्स-शीटचा हिशोब यात फारसा हलत नाही, त्यामुळे फार-यूव्ही सीडीने एवढेच सिद्ध होते की तुमचे प्रथिन शाबूत आहे. ते कंट्रोल म्हणून ठेवा.

पीएचची श्रेणीही नीट निवडा. ईआर सुमारे ७.२, सिस-गॉल्जी ६.७ च्या आसपास, ट्रान्स-गॉल्जी ६.० च्या जवळ. पीएच ५ ला काही दिसले तरी त्याचा पेशीतल्या घडामोडीशी संबंध जोडू नका. ७.२, ६.७, ६.३ आणि ६.० हे चार बिंदू पुरेत.

मोजायचे ते सिस्टीन २९ किती उघडे आहे ते. ५ केडीएचे पेग-मॅलेमाइड (उघड्या सिस्टीनला चिकटून प्रथिन जड करणारे) वापरा: प्रथिन ५ मायक्रोमोलर, अभिकर्मक ५० मायक्रोमोलर, २५ अंशांवर. १, ५, १५ आणि ३० मिनिटांनी नमुना काढून २० मिलिमोलर डीटीटीत थांबवा आणि जेलवर वर सरकलेली पट्टी मोजा. शुद्धीकरणातून आलेले डीटीटी किंवा टीसीईपी (दोन्ही रिड्यूसिंग एजंट, म्हणजे डायसल्फाइड तोडणारी) आधी डीसॉल्टिंग कॉलमने काढायलाच हवे, टीसीईपीसुद्धा मॅलेमाइड खाते. शुद्धीकरणात रिड्यूसिंग एजंट ओतताना हात आखडता ठेवा, नाहीतर १६०–२१२ आणि २७२–२८९ हे रचनेतले डायसल्फाइडही तुटतील.

खरी मेख पुढे आहे. मॅलेमाइडशी थायोलेट (प्रोटॉन गमावलेले सिस्टीन) अभिक्रिया करते, थायोल (प्रोटॉन असलेले) नव्हे. साध्या सिस्टीनचा वेग पीएच एक एककाने उतरला की जवळजवळ दहापट घटतो. म्हणजे शेपूट उघडले तरी आकडा कमीच येऊ शकतो आणि तुम्ही नेमका उलटा निष्कर्ष काढाल. यासाठी शेपूट कापलेला प्रकार प्रत्येक पीएचला सोबत चालवा आणि दोन्ही वेगांचे गुणोत्तर बघा. सिस्टीन २९ चे सेरीन केलेला प्रकारही हवाच, कारण सिस्टीन ६३ मोकळे असते आणि तेही पेग घेऊ शकते. ट्रिप्सिनने मर्यादित विच्छेदन करणार असाल तर हाच सापळा तिथेही आहे: पीएच ६ ला ट्रिप्सिन स्वतःच मंदावते.

म्युटेशनचे प्रायमर मागवताना क्रमांक तपासा. २९ हा परिपक्व प्रथिनातला क्रमांक. सिग्नल पेप्टाइड धरून मोजले तर तेच सिस्टीन ५८ वे. या घोळात चुकीचे अवशेष बदलून बसणे फार सोपे आहे.

हिस्टिडिन टॅग सी-टोकाला लावला असेल तर आधी तो क्लोन बाजूला ठेवा, आरडीईएल त्याखाली झाकले जाते. एन-टोकाला लावून प्रोटिएझने कापून टाकणे उत्तम. टॅगमधली हिस्टिडिनेही याच पीएच श्रेणीत प्रोटॉन घेतात, शिवाय जस्त धरतात. आणि जस्त इथे गौण नाही: २०१९ च्या कामात ते ईआरपी४४ च्या हिस्टिडिन-समूहाला घट्ट बांधून शेपूट दूर सारते आणि जस्ताने सांधलेले होमोडायमर बनतात, असे दिसले. जेल फिल्ट्रेशनमध्ये शिखर लवकर आले तर पीएचला दोष देण्याआधी बफरमधले जस्त तपासा. नमुना ईडीटीएत (धातू ओढून घेणारे द्रव्य) ठेवून, ते डीसॉल्टिंगने काढून पुन्हा चालवा.

बफरबद्दल: सीडीसाठी १० मिलिमोलर फॉस्फेट आणि मिठाऐवजी सोडियम फ्लोराइड, कारण क्लोराइड २०० नॅनोमीटरखाली शोषण करते. जस्ताच्या प्रयोगात मात्र फॉस्फेट नको, जस्त-फॉस्फेट खाली बसते. तिथे ६.० ते ६.७ साठी एमईएस, ७.२ साठी हेपीस, आणि सगळीकडे १५० मिलिमोलर मीठ, म्हणजे आयनांची तीव्रता फारशी बदलणार नाही. ट्रिस टाळाच. दर अंशाला त्याचा पीएच ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ७.५ केलेला ट्रिस बडोद्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत ४० अंशांवर ७.१ च्या खाली येतो आणि कोल्डरूममध्ये ८.१ च्या आसपास जातो. बफर कोणतेही असो, पीएच प्रयोगाच्याच तापमानाला, मीठ घातल्यानंतर, ४ आणि ७ च्या ताज्या बफरने मीटर लावून मोजा.

पेशींमध्ये पडताळायचे असेल तर बॅफिलोमायसिन ए१ ने गॉल्जीची आम्लता कमी करा आणि ईआरपी४४ एरवी पेशीत रोखून धरते ते ईरो१-अल्फा प्रथिन माध्यमात किती गळते ते वेस्टर्न ब्लॉटवर पाहा. मात्र हे औषध लायसोसोमही बिघडवते आणि वाहतूकही, म्हणून वेळ कमी ठेवा आणि ईआरपी४४ शी संबंध नसलेले एखादे स्रावित प्रथिन त्याच ब्लॉटवर सोबत तपासा.