नोरा तीन मुलांना टाकून जाते, मग तिला स्वार्थी का म्हणू नये?

हौशी रंगभूमीवर मी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली, शेवटी नवरा आणि मुलांना सोडून घराबाहेर पडणारी नोरा केली आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमच्या दिग्दर्शकांचं मत तुमच्यासारखंच. शेवटी मी दारापाशी थबकावं, रडावं, आतून मुलाचा आवाज यावा आणि अंधार व्हावा, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, अहो, संहितेतली नोरा तिथे रडत बसत नाही. पार्टीचा पोशाख उतरवून साध्या कपड्यांत येते, नवऱ्याला समोर बसवते आणि सुनावते की आठ वर्षांच्या संसारात आपण एकदाही गंभीरपणे बोललो नाही. त्यावर उत्तर, "तुम्हाला आईचं मन कळत नाही." मला घरी दोन लेकरं, साहेब अविवाहित!

मग मी त्यांना इतिहास ऐकवला. जर्मनीत हेडविग नीमन-राबे या नटीने मुलांना सोडून जाणारी बाई करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करू म्हणून इब्सेनने १८८० मध्ये वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असं इब्सेनच म्हणाला. आमचे दिग्दर्शक म्हणे, "पण लिहिला ना?" काय बोलणार!

तुमच्या प्रश्नाकडे येते. मुलं आधी कोण काढून घेतं, ते बघा. आजारी नवऱ्याला इटलीला नेण्यासाठी तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेलं असतं. ते कळताच तिचा नवरा टोरवाल्ड म्हणतो, मुलं तुझ्या हाती देणार नाही. कर्जरोखा परत आल्यावर ओरडतो, "मी वाचलो!" ती विचारते, "आणि मी?" यात स्वार्थी कोण, ते तुम्हीच ठरवा.

मुलांचे हाल होत नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही. आणि टोरवाल्डलाही राक्षस करू नका. तो हात उगारत नाही, लाडाने तिला खार, चंडोल म्हणतो. फक्त मॅकरून, म्हणजे गोड बिस्किटं, खाऊ देत नाही आणि पत्रपेटीची किल्ली स्वतःपाशी ठेवतो. असा माणूस प्रेक्षकांत चिकार सापडतो, म्हणून तर नाटक अजून झोंबतं.

कधी नाटक बसवलंत आणि कुणी दारापाशी बाळाचं रडणं वाजवायला सुचवलं, तर त्याला एवढंच विचारा, ते बापाला का ऐकू येत नाही?