डीलरशिपच्या कागदावर सही करण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

धुळ्यात गिटारचे दुकान काढण्याचे तू नक्की केलेस आणि मोठ्या कंपनीच्या डीलरशिपचा मसुदा मला वाचायला पाठवलास, याचा आनंद झाला. सवलतीच्या टक्क्यांखाली तू लाल रेघ ओढली आहेस. मी मात्र चौथ्या पानावरच्या वार्षिक खरेदीच्या अटीपाशी थांबलो.

केळीचा बोर्डावरचा भाव आणि बांधावर हातात पडणारा भाव यांतले अंतर तुला घरूनच ठाऊक आहे. या टक्क्यांचेही तसेच असते, कारण ठरलेल्या रकमेचा माल उचललास तरच ते मिळतात, आणि कोणता माल उचलायचा हे पुष्कळदा तुझे गिऱ्हाईक नव्हे, तर कंपनीची स्कीम ठरवते. आपल्याकडे पहिली गिटार घेणारे पोर वडिलांच्या खिशाकडे पाहून साधी, विजेशिवाय वाजणारी अकूस्टिक मागते. असे असूनही एका मार्चअखेरीस टार्गेट पुरे करण्याच्या भरात मी सहा महागड्या इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या. सवलतीच्या रकमेची क्रेडिट नोट आली खरी, पण शेवटची गिटार जायला तीन वर्षे लागली आणि तीही खरेदीच्या भावाखाली गेली. तोवर कंपनीचा प्रतिनिधी बदलला होता आणि त्याची तोंडी आश्वासनेही त्याच्याबरोबर गेली होती. म्हणून न खपलेला माल बदलून देण्याची अट लेखी घे, आणि ती मिळत नसेल तर कमी टक्क्यांवर कमी माल घे.

विक्रीची किंमत कंपनीने बांधून देण्याचे कलमही नीट वाच. ब्रिटनमध्ये दुकानदारांना ऑनलाइन ठरावीक किमतीखाली विकू न दिल्याबद्दल तिथल्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये कॅसिओला ३७ लाख पौंड आणि २०२० मध्ये गिटार बनवणाऱ्या फेंडरच्या युरोपातील कंपनीला ४५ लाख पौंड दंड केला. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यातील कलम ३(४) अशा करारांविषयी आहे. मात्र स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो हे दिसावे लागते, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला दाखवलेले बरे.

एकाच कंपनीच्या मालावर सगळे दुकान उभे करू नकोस. गिटार बनवणाऱ्या गिब्सनसारख्या १९०२ पासूनच्या कंपनीला इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यासाठी काढलेले कर्ज झेपले नाही आणि मे २०१८ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती सावरली, परंतु तिच्या कारभाऱ्यांनी कर्ज काढताना कोणत्याही दुकानदाराला विचारले नव्हते.

आता ज्या कामाविषयी मसुद्यात एक अक्षरही नाही, त्याविषयी लिहितो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डाचे, म्हणजे मानेवर बोटे ठेवायच्या फळीचे, लाकूड आक्रसते, तिच्यात आडवी बसवलेली फ्रेटची धातूची पट्टी मात्र आहे तेवढीच राहते, आणि तिची टोके कडेला बाहेर येतात. खोके उघडल्यावर गिटारच्या मानेच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. बोचले तर ती भिंतीवर लावू नकोस. बारीक कानशीने टोके घासायची, मग मानेच्या आत बसवलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा फिरवून मान सरळ करायची आणि तारा फ्रेटपासून किती उंच आहेत ते पाहायचे, एवढे तुला स्वतःला यायलाच हवे, कारण हवामानाने झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत. ऑनलाइन घेतलेली गिटार कुणी दुरुस्तीला आणली तर तोंड फिरवू नकोस. रास्त मजुरी घे आणि काम चोख कर, म्हणजे तारा, पट्टा आणि पुढची गिटार घ्यायला तो तुझ्याकडेच येईल. माझ्या दुकानाचे भाडे कित्येक वर्षे या मजुरीतूनच निघाले, आणि त्यामुळेच नको असलेली स्कीम मला नाकारता आली.

चौथे पान दुरुस्त्या मागून परत पाठव. त्यांचे उत्तर येईपर्यंत एखाद्या आठवड्यासाठी इकडे येऊन राहा. माझ्याकडे एक जादा कानस आहे आणि दुरुस्तीला आलेल्या चार गिटारी टेबलावर पडून आहेत.

तुझा काका