नॅनो-चांदीचे कपडे आणि धुण्याच्या पाण्याचा पुढचा प्रवास

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत असे मी समजते. जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांमधली आणि धुलाईच्या साधनांमधली नॅनो-चांदी, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, पाण्याबरोबर बाहेर पडते का, हा पहिला. ‘चांदी निसर्गातलीच आहे आणि सांडपाण्यात ती निष्प्रभ होते’ हा विक्रेत्याचा दावा खरा मानावा का, हा दुसरा. असे कपडे आधीच घेतलेले असतील तर त्यांचे काय करावे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर निःशंकपणे ‘होय’ असे देता येते. दुसऱ्याबाबत माझे मत असे आहे की हा दावा एका विशिष्ट अटीवरच खरा ठरतो, आणि ती अट ग्राहकाला सांगितली जात नाही.

आधी चांदी जिवाणूंना मारते कशी ते पाहू, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. धातुरूपातली चांदी स्वतः फारशी क्रियाशील नसते. ओलावा आणि प्राणवायू यांच्या संपर्कात तिच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात आणि खरे काम ते करतात. प्रथिनांमध्ये गंधक असलेले जे गट असतात त्यांना हे आयन घट्ट चिकटतात, त्यामुळे जिवाणूच्या श्वसनाशी संबंधित विकरे (एन्झाइम) बंद पडतात आणि पेशीचे आवरण दुबळे होते. कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अधिक, हे नॅनो-चांदीमागचे साधे गणित आहे. एक ग्रॅम चांदीचा घन केला तर त्याचे एकूण पृष्ठफळ जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटर भरते, पण त्याच एका ग्रॅमचे 10 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) व्यासाचे गोल कण केले तर ते सुमारे 57 चौरस मीटर होते. म्हणूनच कापडात अगदी थोडी चांदी घालूनही परिणाम साधता येतो, आणि म्हणूनच ती कापडातून सुटल्यावरही क्रियाशील राहू शकते.

घरगुती धुलाईत ही चांदी मुख्यतः दोन मार्गांनी येते. एक म्हणजे मोजे, खेळाचे कपडे, अंतर्वस्त्रे यांच्या धाग्यांत किंवा धाग्यांवर बसवलेले कण. दुसरा मार्ग वॉशिंग मशीनचा. सॅमसंगने ‘सिल्व्हर नॅनो’ या नावाने अशी यंत्रे बाजारात आणली होती. त्यांत चांदीच्या पट्ट्यांमधून विद्युतप्रवाह सोडून आयन थेट पाण्यात मिसळले जात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर 2007 मध्ये स्पष्ट केले की जंतू मारण्याच्या उद्देशाने चांदीचे आयन सोडणारे यंत्र कीटकनाशकांच्या कायद्याखाली येते आणि त्याची नोंदणी करावी लागते. हा निर्णय आपण नॅनोतंत्रज्ञानाविषयी घेतलेला नाही, असेही त्या संस्थेने त्याच वेळी सांगितले होते. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण नावात ‘नॅनो’ असले तरी अशा यंत्रातून पाण्यात पडतात ते प्रामुख्याने आयन, म्हणजे चांदीचे सर्वांत विषारी रूप. कापडातली चांदी निदान हळूहळू सुटते, यंत्रातली चांदी मात्र प्रत्येक धुलाईला मुद्दाम पाण्यात सोडली जाते.

कापडातून चांदी किती सुटते याविषयी चांगले प्रयोग झालेले आहेत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील बेन आणि वेस्टरहॉफ यांनी 2008 मध्ये बाजारातले मोजे नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात घोळवून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी मोजक्या धुण्यांतच निघून गेली, तर काहींमधून अजिबात सुटली नाही. चांदी कापडात कशी बसवली आहे यावर सगळे अवलंबून होते, आणि ते वेष्टनावरून कळण्यासारखे नव्हते. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेतील गटाने प्रत्यक्ष धुलाईसारखी परिस्थिती निर्माण करून मोजमाप केले. त्यांना एका धुण्यात कापडातल्या एकूण चांदीच्या सुमारे 1 ते 35 टक्के चांदी सुटताना दिसली. सुटलेल्या चांदीचा मोठा भाग 450 नॅनोमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांच्या रूपात होता, म्हणजे यांत्रिक घुसळणीने धाग्यावरचा थरच निघत होता. धुलाई पावडरीमुळे पाणी अल्कधर्मी होत असल्याने चांदी विरघळण्याचे प्रमाण कमी राहिले, परंतु प्राणवायूवर चालणारे ब्लीच घातल्यावर ते वाढले. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण शेवटी तिचा उपयोग आहे.

‘आमच्या कापडात नॅनोकण नाहीत, साधी चांदी आहे’ अशी ग्वाही कोणी दिली तर तिच्यावरही फार विसंबू नये. 2014 मध्ये मिट्रानो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पारंपरिक चांदीचे कापड धुतल्यावरही धुण्याच्या पाण्यात नॅनोकण आढळतात, कारण सुटलेले आयन पुन्हा धातुरूपात किंवा क्लोराइडच्या रूपात कण बनवू शकतात. तेव्हा कापडात काय घातले होते यापेक्षा पाण्यात काय उतरले हे पाहिले पाहिजे.

आता सांडपाण्याकडे वळू. येथे विक्रेत्याच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. गटारात आणि शुद्धीकरण केंद्राच्या प्राणवायूविरहित टाक्यांमध्ये सल्फाइड, म्हणजे गंधकाचे एक रूप, भरपूर असते. ज्या गंधकप्रेमामुळे चांदी जिवाणूंना मारते, तेच येथे तिला बांधून टाकते आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होते. घरातल्या चांदीच्या वस्तू काळ्या पडतात त्या याच संयुगामुळे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्यातून आयन फारच कमी सुटतात. स्वित्झर्लंडमधल्याच एयावाग या संस्थेतील केगी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एका प्रायोगिक शुद्धीकरण केंद्रात नॅनो-चांदी सोडून तिचा माग घेतला. प्राणवायूविरहित टाकीत दोन तासांच्या आतच तिचे सल्फाइडमध्ये रूपांतर होऊ लागले होते, आणि बहुतांश चांदी गाळाबरोबर खाली बसली. शुद्ध होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात फारच थोडी उरली. पिण्याच्या पाण्यातून माणसाला थेट धोका होईल अशी भीतीही मला वाजवी वाटत नाही. माणसाच्या बाबतीत अमेरिकी मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, आणि धुलाईतून आलेली चांदी शुद्धीकरणानंतर इतक्या प्रमाणात उरण्याची शक्यता नाही.

पण या सगळ्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: धुण्याचे पाणी बंद गटारातून चालू स्थितीतल्या शुद्धीकरण केंद्रात जाते. जगातल्या कितीतरी घरांचे पाणी उघड्या नाल्यातून सरळ ओढ्यात, नदीत, तळ्यात किंवा परसातल्या जमिनीत जाते. तेथे माणसासाठीची मर्यादा लावून चालत नाही. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी चांदीची तीव्र विषाक्ततेची, म्हणजे थोड्या वेळाच्या संपर्कातून होणाऱ्या विषबाधेची, मर्यादा मध्यम कठीण (क्षारयुक्त) पाण्यात लिटरला 3.2 मायक्रोग्रॅम धरली जाते, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या सुमारे एकतिसांश. जलपिसूंसारख्या इवल्या प्राण्यांवर याहूनही कमी प्रमाणात परिणाम दिसतो. माशांमध्ये चांदीचा आयन कल्ल्यांतून सोडियम शोषून घेणारी यंत्रणा बंद पाडतो आणि शरीरातले मीठ घटत जाऊन मासा मरतो. नदीच्या पाण्यातले क्लोराइड आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ आयनांना काही प्रमाणात बांधतात, हे खरे आहे. मात्र तेथे शुद्धीकरण केंद्रातल्यासारखी हमी नसते.

चांदी पाण्यातल्या जीवसृष्टीला काय करते याचा एक धडा नॅनोच्या युगाआधीच मिळालेला आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण भागात, पालो आल्टो येथील सांडपाणी जेथे सोडले जाई तेथे, 1970 च्या दशकात चिखलातल्या छोट्या शिंपल्यांच्या अंगात चांदी आणि तांबे फार मोठ्या प्रमाणात साचले होते. चांदीचा एक मोठा स्रोत होता छायाचित्रणाच्या उद्योगातले पाणी. त्या काळात त्या शिंपल्यांचे प्रजनन जवळपास थांबले होते. पुढे स्रोतावरच नियंत्रण आणले गेले, शुद्धीकरण सुधारले, धातूंचे प्रमाण उतरले आणि प्रजनन पुन्हा सुरू झाले. घरगुती धुलाईतून आज तितकी चांदी कोठेही जाते असा माझा दावा नाही. परंतु सुधारणा झाली ती चांदी पाण्यात येऊ न दिल्याने, हे विसरता येत नाही.

जेथे शुद्धीकरण केंद्र आहे तेथेही चांदी नाहीशी होत नाही, ती गाळात जाते. हा गाळ अनेक देशांत खत म्हणून शेतात पसरला जातो. ड्यूक विद्यापीठातील कोलमन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मोकळ्या हवेतल्या मोठ्या कुंड्यांमध्ये प्रयोग केला. गाळात नॅनो-चांदी मिसळून ती अशा बेताने घातली की एक किलो मातीत अवघी 0.14 मिलिग्रॅम चांदी यावी. बिनचांदीच्या गाळाशी तुलना करता एका वनस्पतीची वाढ 32 टक्क्यांनी कमी भरली, सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान 35 टक्क्यांनी घटले आणि नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचे उत्सर्जन साडेचार पट झाले. या प्रयोगात चांदी गाळात वरून मिसळलेली होती, शुद्धीकरण केंद्रातून सल्फाइड होऊन आलेली नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक शेताला लावणे योग्य होणार नाही. तरीही मातीतल्या नत्रचक्राला इतक्या थोड्या मात्रेने धक्का बसू शकतो, ही गोष्ट ‘निष्प्रभ’ या शब्दाशी जुळत नाही. शिवाय धातूचे विघटन होत नसते. दरवर्षी गाळ पडला की दरवर्षी भर पडते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. चांदीला दाद न देणारे जिवाणू अस्तित्वात आहेत आणि ते नवे नाहीत. 1975 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात साल्मोनेला जातीचा असा जिवाणू आढळल्याची नोंद झाली. तेथे जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरले जात होते. ही प्रतिरोधशक्ती देणारी जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर होती, आणि त्याच वलयावर प्रतिजैविकांना रोखणारी जनुकेही होती. चांदीचा सतत, मंद मारा असला की अशा जिवाणूंना फायदा होतो. भाजलेल्या त्वचेवरचे उपचार, लघवीसाठी घातली जाणारी नळी (कॅथेटर), जखमेच्या पट्ट्या अशा ठिकाणी चांदी खरोखर उपयोगी पडते. मोज्याचा वास घालवण्यासाठी ती खर्ची घालणे मला पटत नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेनेही डिसेंबर 2009 च्या आपल्या मतात, सुरक्षिततेबाबत पुरेशी माहिती हाती येईपर्यंत अन्नात आणि रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये नॅनो-चांदी टाळावी, असा सल्ला उत्पादकांना दिला होता.

चांदीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. कपड्याला वास कमी आला तर तो कमी वेळा धुतला जाईल आणि पाणी, वीज, पावडर वाचेल. 2011 मध्ये नॅनो-चांदीच्या टी-शर्टचा उत्पादनापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला गेला, तेव्हा असे दिसले की निर्मितीची पद्धत साधी असेल तर त्याचा हवामानावरचा भार नेहमीच्या टी-शर्टपेक्षा थोडाच जास्त असतो आणि धुणे कमी केल्यास तो भरून निघू शकतो. परंतु कण बसवण्याची पद्धत प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायू वापरणारी, असेल तर हा भार कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे फायदा होण्यासाठी दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि दुसरी तर पूर्णपणे ग्राहकाच्या सवयीवर आहे. अमेरिकेतही असेच एक गृहीतक न्यायालयात टिकले नाही. नॅनोसिल्वा या नॅनो-चांदीच्या जंतुरोधक उत्पादनाला 2015 मध्ये सशर्त नोंदणी देताना पर्यावरण संरक्षण संस्थेने असे धरले होते की ते जुन्या चांदीच्या उत्पादनांची जागा घेईल आणि एकूण चांदी कमी वापरली जाईल. उत्पादक खरोखर बदल करतील याचा पुरावा नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने 2017 मध्ये ती नोंदणी रद्द केली. युरोपीय संघात जंतुनाशकाने प्रक्रिया केलेल्या वस्तूबाबत जंतुरोधकपणाचा दावा केला असेल तर तिच्या लेबलवर त्या पदार्थाचे नाव, आणि तो नॅनोरूपात असेल तर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. किमान एवढी माहिती तरी सर्वत्र मिळायला हवी.

नवीन खरेदीबाबत माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नये. घामाचा वास पॉलिस्टरमध्ये अधिक टिकतो, म्हणून सुती किंवा लोकरी कपडा निवडल्याने बराच फरक पडतो. घरात कोणी आजारी असेल आणि कपडे निर्जंतुक करायचे असतील तर 60 अंश सेल्सियसचे पाणी आणि प्राणवायूचे ब्लीच एवढे पुरते. कपडे ओले साठवून न ठेवता लगेच पूर्ण वाळवणे हाही वासावरचा चांगला उपाय आहे. वॉशिंग मशीनमध्ये चांदी सोडण्याची सोय असेल आणि ती बंद करता येत असेल तर बंद ठेवावी.

आधीच घेतलेले कपडे फेकून देऊ नयेत, कारण त्यांच्या निर्मितीचा भार निसर्गावर पडून गेलेला आहे आणि टाकून दिल्याने चांदी परत येत नाही. ते कमी वेळा, थंड पाण्यात आणि सौम्य घुसळणीत धुवावेत. त्या धुण्यात ब्लीच वापरू नये, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे चांदी विरघळण्याचा वेग त्यामुळे वाढतो. तुमच्या घरचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जात असेल तर ते पाणी नेहमीच्या गटारातच सोडावे. धुण्याचे पाणी झाडांना घालण्याची सवय असेल तर या कपड्यांचे, निदान नव्या कपड्याच्या पहिल्या काही धुण्यांचे पाणी झाडांना घालू नये, आणि ते उघड्या ओढ्यात किंवा तळ्यात तर अजिबात सोडू नये.